लोकलवाल्या प्रमोदिनीबाई

लोणावळ्यात प्रमोदिनी ओगले कुठे राहतात असं विचारलं, तर माणूस क्षणभर डोकं खाजवेल. ‘लोकलवाल्या बाई’ म्हटलं की स्टेशनबाहेरचा चिक्कीवालासुद्धा बोट दाखवून घर सांगेल. चिंचवडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि निवृत्त झाल्या तेव्हा केस पांढरे झाले होते. मधल्या सगळ्या वर्षांत पुणे-लोणावळा लोकलनं त्यांना रोज सकाळी नेलं आणि संध्याकाळी आणून सोडलं.

त्या दिवसांबद्दल बोलायला लागल्या की बाईंना थांबवणं अवघड. बायकांच्या डब्यात कोण कुठे बसणार हे ठरलेलं असायचं. खंडाळ्याकडची गार हवा खिडकीतून येत असायची, आणि मळवलीला गाडी टेकली की शकुबाई चढायची. वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतली शकुबाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. पाटीत पावसाळ्यात टाकळा-करटोलीसारख्या रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदं, एरवी फुलं. हा सगळा माल शिवाजीनगरला विकायचा आणि परतायचं, असा तिचा रोजचा धंदा. पहिल्याच आठवड्यात तिच्या पाटीतून गळणाऱ्या पाण्यानं बाईंची इस्त्रीची साडी भिजली होती आणि दोघी कामशेत येईपर्यंत कडाकडा भांडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शकुबाईनं मुकाट्यानं पाटी दाराशी ठेवली आणि बाईंच्या हातात सोनचाफ्याची दोन फुलं दिली. तेव्हापासून त्यांचं जमलं ते जमलंच.

लेकीच्या, आसावरीच्या, वेळी बाईंचं डोहाळजेवण डब्यातल्या बायकांनी गाडीतच केलं. हिरव्या बांगड्या तळेगावच्या एका शिक्षिकेनं आणल्या, बर्फी देहूरोडच्या नर्सबाईंनी, आणि फुलांची वाडी अर्थातच शकुबाईची. चिंचवडला बाई उतरल्या त्या डोक्यापासून पाठीपर्यंत फुलांनी मढलेल्या. तशाच त्या एक्स्चेंजमध्ये गेल्या, कानाला हेडफोन लावला, आणि दिवसभर मुंबई-पुण्याच्या ट्रंक कॉलना त्यांच्या आवाजातलं हसू ऐकू जात राहिलं.

आसावरी शाळेत असतानाच बाईंचे यजमान, शरच्चंद्र, गेले. बाईंनी नोकरी सोडली नाही, गाडीही सोडली नाही. डब्यातल्या बायकांनी मला उभं ठेवलं, असं त्या नेहमी म्हणत.

निवृत्तीनंतर त्या प्रवासी संघटनेच्या कामाला लागल्या. आणि मग मेट्रोचा वाद आला.

निगडीच्या पुढे तळेगाव, कामशेत करत मेट्रो लोणावळ्यापर्यंत न्यायची, अशी चर्चा सुरू झाली आणि मावळ दुभंगला. तळेगावच्या नव्या सोसायट्यांना मेट्रो हवी होती. कान्हे गावच्या शेतकऱ्यांना धास्ती होती, की डेपो आला तर भाताची खाचरं जाणार. आणि लोणावळ्याच्या जुन्या पासधारकांचं म्हणणं एकच: आहे त्या रुळांवर लोकल वाढवा, खांब कशाला उभारता? त्या जुन्या लोकांच्या पुढे बाई होत्या.

घरातही वाद होताच. आसावरी आता तळेगावला राहून हिंजवडीला नोकरी करत होती.

‘‘आई, खरं सांग,’’ ती एकदा म्हणाली, ‘‘तुला मेट्रो नकोय, का तुझे ते दिवस परत हवेत?’’

‘‘दोन्ही,’’ बाई म्हणाल्या, आणि भाजी परतायला लागल्या.

कामशेतला लग्नाच्या एका हॉलमध्ये जाहीर सभा ठेवली होती. अधिकाऱ्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. तळेगावचा एक तरुण हायवेवरच्या कोंडीबद्दल तावातावानं बोलला, कान्ह्याचे एक आबा डेपोबद्दल त्याहून तावातावानं बोलले. मग बाईंचं नाव पुकारलं गेलं. एवढी वर्षं फोनवर कमावलेला तो आवाज, माइकचीही गरज नव्हती. त्यांनी डबा सांगितला, डोहाळजेवण सांगितलं. ‘‘मेट्रोत माणसं चढतील आणि उतरतील,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या लोकलमध्ये माणसं नांदली.’’ टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एक-दोन म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावला.

टाळ्या चालू असतानाच बाईंना दाराशी शकुबाई दिसली. कितीतरी वर्षांनी. हातात काठी, पाय वाकलेले. जावई गेणू तिला मोटरसायकलवरून घेऊन आला होता. बाईंचा चेहरा फुलला.

‘‘ही बघा, हीच माझी शकू!’’ त्या तिथूनच म्हणाल्या. ‘‘ये गं, तूच सांग यांना आपली लोकल काय होती ते.’’

शकुबाई पुढे आली नाही. आहे तिथेच काठीवर भार देऊन उभी राहिली. कुणीतरी तिच्यापर्यंत माइक नेला.

‘‘बाई बोलल्या ते समदं खरं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘लय चांगलं दिस व्हतं. पर दुपारच्याला गाडी नसती, त्याचं काय? तवा बी नव्हती, आता बी न्हाई. आमच्या वाडीतलं मानूस दुपारचं आजारी पडलं तर सांज व्हईस्तवर फलाटावर बसायचं का? मी एका बाईला बसल्याली बघितलीया. तिचा मालक तकडं लोनावळ्याला दवाखान्यात व्हता, आन् ती हकडं रुळांकडं बगत. गाडी आली तवर मानूस गेलं व्हतं.’’ ती जरा थांबली. ‘‘मला जी दुपारची येल ती गाडी पायजे. मेट्रो म्हना, न्हाईतर लोकल. माजे गुडघं बी गेल्यात, पूल चढवत न्हाई. जिन्याबिगर वर नेत्यात म्हनं तुमच्या मेट्रोत, तर आना की.’’

हॉलमध्ये ती बाई कोण, हे फक्त एकीला कळलं होतं.

कितीतरी वर्षांपूर्वी, एके दुपारी एक्स्चेंजच्या बोर्डावर दिवा लागला, बाईंनी नेहमीच्या आवाजात ‘नंबर प्लीज’ म्हटलं, आणि पलीकडून लोणावळ्याची ऑपरेटर म्हणाली, ‘‘प्रमोदिनी, तुलाच फोन आहे गं.’’ शरच्चंद्रांना शाळेत शिकवता शिकवता चक्कर आली होती. वडगावला रास्ता रोको होता, एसट्या अडकलेल्या. बाई चिंचवड स्टेशनवर धावल्या तर लोकल संध्याकाळपर्यंत नव्हती. त्या दिवशी चिंचवडलाच पाटी रिकामी करून परत निघालेली शकुबाई त्याच फलाटावर वाट बघत होती. बाईंचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत राहिली. समोरून एक्स्प्रेस धडधडत गेल्या, एकही थांबली नाही. संध्याकाळी गाडी मिळाली, मळवली आली तरी शकुबाई उतरली नाही. लोणावळ्यापर्यंत आली, आणि दहावा होईपर्यंत बाईंच्या स्वयंपाकघरात राहिली.

बाईंनी ती मांडी आणि तो हात आठवणीत जपला होता. न आलेल्या गाडीचा विचार त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही केला नव्हता.

त्या तडक हॉलबाहेर गेल्या. शकुबाई काठी टेकत मागोमाग आली.

‘‘सगळ्यांसमोर काढायची होती का ती गोष्ट?’’ बाई वळून म्हणाल्या.

‘‘नाव घ्येतलं का म्या तुमचं?’’

‘‘मला कळलं ना!’’

‘‘तुमाला कळावं म्हनूनच बोलले,’’ शकुबाई म्हणाली. ‘‘रागावल्या व्हय? रागवा. पर माज्या नातीला, मुक्ताला, दिस गेल्यात बाई. दुपारी कळा सुरू झाल्या तर तिला कुटं न्हेऊ?’’

शकुबाई पायरीवर बसायचा प्रयत्न करत होती, गुडघा दुमडत नव्हता. बाईंनी तिला धरून बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘त्या दिवशी दुपारी गाडी असती, तर मी पोचले असते गं.’’

‘‘व्हय,’’ शकुबाई म्हणाली.

सभा संपता संपता बाईंनी पुन्हा बोलायची परवानगी मागितली. या वेळी आवाज चढा नव्हता. ‘‘लोकल वाढवा, हे माझं म्हणणं तसंच आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण आधी दुपारची गाडी सुरू करा, आणि मळवलीला लिफ्ट बसवा. ते तुमच्याच्यानं होणार नसेल तर मेट्रो आणा. मी आडवी येणार नाही.’’

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. संघटनेच्या अध्यक्षांनी तर पुढचे कितीतरी दिवस बाईंशी अबोला धरला. बाईंनी घात केला, असंही ते चारचौघांत म्हणाले. ते बाईंना लागलं, पण त्या दुपारच्या गाडीसाठी पुण्याला खेटे घालत राहिल्या. कधी त्यांच्याबरोबर आसावरी असायची. मायलेकींचा वाद मात्र मिटला नाही. हल्ली तो गाडीत बसून चालतो, एवढंच. मेट्रोचं काय होणार हे अजून कुणालाच ठाऊक नाही. आराखडे येतात, बदलतात, पुन्हा येतात. मुक्ताला मुलगी झाली, ती भल्या सकाळी, गाड्या असताना.

बारशानंतर एका रविवारी आसावरीनं बाईंना आणि शकुबाईला मोटारीत घातलं आणि पिंपरीला नेलं. मेट्रो बघायची होती. लिफ्टमध्ये शकुबाईनं बाईंचा दंड घट्ट धरला, आणि दार उघडल्यावर फलाट समोर बघून ‘‘आगं आई, पोचलो की!’’ म्हणून मोठ्यानं हसली. डब्यात गार हवा होती, शांतता होती. ज्याचा तो आपापल्या मोबाइलमध्ये. बाईंना ते जरा खटकलंच. शिवाजीनगरच्या आसपास गाडी जमिनीखाली शिरली आणि खिडक्या काळ्या झाल्या. त्या काचेत बाईंना शेजारी शेजारी बसलेल्या दोन म्हाताऱ्या दिसल्या.

शकुबाईला गप्प बसवेना. तिनं पलीकडच्या मुलीच्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘‘कुटली गं तू?’’

मुलीनं दचकून कानातलं काढलं. ‘‘कामशेतची, आजी.’’

‘‘कामशेतात कुटं?’’

मुलगी सांगायला लागली. तिची मावशी मळवलीची निघाली, मावशीचं घर शकुबाईच्या पायाखालच्या वाटेवरचं. बाईही पुढे सरकल्या, मग आसावरीही. मंडईला उतरून भाजी बघायची, असं ठरलं होतं. ते कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही, मंडई मागे पडली, आणि बोलता बोलता स्वारगेट आलं.