आत्या आणि दत्ताचं गाव

आत्याला कुठलीही बातमी सांगा, ती एकच शब्द म्हणायची, ‘बरं.’ शेळीला जुळं झालं, बरं. उद्या नळाला पाणी नाही, बरं. तिचा नवरा बांधकामावरून पडून वारला तेव्हा मी लहान होतो, पण ती सकाळ मला आठवते. निरोप घेऊन आलेला माणूस दारात हात चोळत उभा होता. आत्याने त्याचं सगळं ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाली, त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि चुलीतलं लाकूड बाहेर ओढून त्याच्यासोबत निघाली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. आमचं घराणं मूळचं सोयगावकडचं, मेंढरांमागे फिरणारं. अण्णांना शहरात नोकरी लागली आणि त्यांच्या मागोमाग आत्याही नवऱ्याबरोबर तिथल्या छावणी भागात, बाजाराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आली. मेंढरं सुटली, पण शेळ्या तिने शेवटपर्यंत पाळल्या. खुर्चीवर ती कधी बसली नाही. आमच्या घरी सोफा आला तेव्हा अण्णांनी तिला हाताला धरून त्यावर बसवलं. अण्णांची पाठ वळताच ती खाली उतरली आणि सोफ्याला टेकून फरशीवर बसली. म्हणाली, “टेकायला लई चांगलाय रे भाऊ.”

तिला एकच मुलगा, दत्ता. माझ्याहून थोडा मोठा, अंगाने बारीक, हाताला विलक्षण चव असलेला. शिक्षणात त्याचं मन लागलं नाही. आधी इथल्या एका हॉटेलात, मग जहाजावर, आणि शेवटी ग्रीस देशातल्या एका लहानशा बेटावर तो स्वयंपाकी म्हणून गेला. त्या बेटाचं नाव आत्याला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. ती ‘दत्ताचं गाव’ म्हणायची, आणि मग आमच्या सगळ्या घरात तेच नाव पडलं.

दत्ता फोनवर तिला समुद्र दाखवायचा. तिथल्या किनाऱ्यावर वाळू नव्हती. पांढरे, राखाडी, अंड्यासारखे गुळगुळीत गोटे पसरलेले. आत्या फोन डोळ्यांजवळ धरून म्हणायची, “वाळू कुठं गेली रं?”

“वाळू नायच इथं. गोटेच हायेत सगळे.”

“मग लोकं बसतात कुठं?”

“गोट्यांवरच. सवय होते, आई.”

“बरं,” आत्या म्हणायची.

दत्ता गेला तो टाळेबंदीच्या दिवसांत. आधी ताप, मग दम, मग शेजारच्या मोठ्या बेटावरचा दवाखाना. विमानं बंद होती. देह आणणं शक्य नव्हतं, आणि त्या भागात दहनाची सोय नव्हती. ज्या बाईच्या घरात तो खोली घेऊन राहत होता तिने त्याला आपल्या वस्तीच्या दफनभूमीत नेलं. तिच्या नातीने फोनवरून आम्हाला सगळं दाखवलं. मास्क लावलेली चार माणसं, दगडी कुंपण, मातीचा एक ढीग. मी फोन आत्यासमोर धरला होता. ढीग पूर्ण होईपर्यंत तिने पाहिलं. मग ‘बरं’ म्हणाली आणि उतू जायला आलेलं दूध उतरवायला उठली.

अण्णांनी रीतीप्रमाणे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, त्याची राख पैठणला गोदावरीत सोडली. आत्या घाटावर बसून होती. कोणी जेव म्हटलं की जेवत होती, चल म्हटलं की चालत होती. गल्लीतल्या बायका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हिला रडवा. नाय तर आतल्या आत दगड होईल बाईचा.” एकीने तर दत्ताचा शर्ट आणून तिच्या मांडीवर ठेवला. आत्याने त्याची घडी घातली आणि तो पेटीत ठेवून दिला. पुढची काही वर्षं ती अशीच होती. शेळ्यांना पाला, स्वतःला भाकरी, दारात झाडलोट. काही विचारलं तर उत्तर द्यायची, पण ते उत्तर दुसऱ्याच कुणीतरी आतून दिल्यासारखं वाटायचं.

मग एका दुपारी त्या नातीचा, मारियाचा, मला फोन आला. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून तिच्याशी बोलण्याचं काम माझ्याकडेच होतं. तिने जरा चाचरत सांगितलं की त्यांच्या बेटावर जमीन थोडी आहे. काही वर्षांनी अस्थी वर काढायच्या, धुवायच्या आणि पेटीत घालून देवळाशेजारच्या खोलीत ठेवायच्या, अशी त्यांची जुनी पद्धत आहे. आता दत्ताची पाळी आली आहे. घरच्यांना यायचं आहे का? नाही आलात तरी आजी सगळं करील, काळजी करू नका.

मी आत्याला सांगितलं. ती शेळीच्या खुरातला काटा काढत होती. तिने काटा काढला, शेळीला सोडलं.

“मी जाते,” ती म्हणाली.

अण्णांना आनंद झाला. पुतळ्याची राख सोडली होती खरी, पण त्यांच्या मनाला ते कधी पटलं नव्हतं. “आता खरा दत्ता घरी येईल,” ते म्हणाले. लाल कापड आणि तांब्याचा लहान गडू त्यांनी स्वतः आणून माझ्या बॅगेत ठेवला.

प्रवासाचं फारसं सांगण्यासारखं नाही. विमानात आत्या पाय वर घेऊन बसली, अथेन्सच्या बंदरात खाली जमिनीवर बसली. बोटीत सगळे पर्यटक फोटो काढत होते, ती आपली दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या लोखंडी भिंतीकडे पाहत होती. वस्तीवर पोचलो तेव्हा पर्यटनाचा हंगाम संपला होता. डोंगराच्या पायथ्याशी थोडीशी पांढरी घरं, बंद केलेली दोन उपाहारगृहं, उलट्या करून ठेवलेल्या होड्या, आणि समोर तो गोट्यांचा किनारा. माणूस दिसत नव्हता. लाट आली की आवाज होत नव्हता, ती मागे जाताना व्हायचा. सगळे गोटे एकमेकांवरून घरंगळत खाली जायचे. आत्या थांबून ऐकत राहिली.

“सुपात ज्वारी पाखडल्यावानी,” ती म्हणाली. आणि चपला काढून तिथंच बसली.

ती घरमालकीण, येलेनी, आत्याच्याच वयाची होती. काळा पोशाख, जाड बांधा, सुजलेले गुडघे. ती काठी टेकत आली, आत्याकडे बराच वेळ पाहिलं आणि कण्हत कण्हत तिच्याशेजारी गोट्यांवर बसली. मारिया आणि मी दुभाषी म्हणून पुढे झालो, पण आमची गरजच पडली नाही. येलेनी तिच्या भाषेत बोलत होती, आत्या मराठीत. येलेनीने हाताने कढई हलवल्याची खूण केली आणि बोटं ओठांना लावली. दत्ताच्या हातच्या जेवणाबद्दल ती बोलत असावी.

“व्हय,” आत्या म्हणाली, “भरीत लई चांगलं करायचा.”

मारियाने मला नंतर सांगितलं की दफनाच्या वेळी काही जणांनी नाक मुरडलं होतं. परक्या धर्माचा माणूस, त्याला आमच्यात कशाला? येलेनी त्यांना म्हणाली होती, “माझ्या नवऱ्याच्या आजारपणात त्याला उचलून न्हाणीघरात कोण नेत होतं? तुम्ही?” आत्याला मी हे सांगितलं. तिने मान हलवली. तिचा चेहरा होता तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दफनभूमीत गेलो. येलेनीच्या पुतण्याने कुदळ मारली. धर्मगुरू आला, फाटकापाशी टोपी काढून उभा राहिला, आत आला नाही. माती काढता काढता पुतण्या थांबला आणि हाताने उकरू लागला. मी नजर फिरवली. येलेनीने पितळी परात आणली होती, त्यात पाणी आणि लाल द्राक्षाची दारू. अस्थी दारूने धुण्याची त्यांच्याकडे रीत आहे. ती बाह्या सारू लागली तेव्हा आत्याने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि परात आपल्याकडे ओढून घेतली.

आत्याने पोराला न्हाऊ घातलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. सुईण पाटावर पाय पसरून पोराला आंघोळ घालते तशी ती पाय पसरून बसली होती. डोकं तळव्यावर घेऊन, एका हाताने वरून पाणी सोडत तिने ते धुतलं. घाई नव्हती. एकेक झालं की पांढऱ्या चादरीवर उन्हात ठेवत होती. हाताचं एक हाड धुताना तिचा अंगठा मधेच थांबला. तिथं एक गाठ होती. आम्ही लहान असताना दत्ता चिंचेवरून पडला होता, हात मोडला होता, आणि हाडवैद्याने तो वाकडाच बसवला होता. आत्याने त्या गाठीवरून दोनदा अंगठा फिरवला.

“हाच त्याचा हात,” ती मला म्हणाली. “इष्णू, बघ. हाच.”

मी रडलो. येलेनी रडली. तो कुदळवाला पुतण्याही भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आत्या रडली नाही. चादरीशेजारी ती दुपारभर बसून राहिली, माशी आली तर पदराने वारत. ऊन सरकलं तशी तिने चादर सरकवली.

संध्याकाळी किनाऱ्यावर मी बॅगेतून लाल कापड आणि गडू काढला. म्हटलं, “आत्या, उद्या सकाळी बांधून घेऊ. कागदपत्रांचं मी बघतो.”

तिने गडूकडे पाहिलं. “ठेव ते परत.”

“म्हणजे?”

“त्याला न्यायचा नाय.”

मला वाटलं ती थकली आहे. मी अण्णांचं नाव घेतलं, पैठणचं घेतलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “दर्भाचा दत्ता तुम्ही जाळला. पैठणला तो गेला. एका माणसाला कितीदा न्यायचं रं? माझा आज्जा मेंढरामागं असताना घाटात गेला. तिथंच दगडं रचली त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी कळप पुढं निघाला. माझी आज्जी बी निघाली. काय करील? मेंढरं उपाशी ठेवील?” तिने पायाजवळचा एक गोटा उचलून बाजूला ठेवला. “आजारी पडायच्या आधी दत्ता मला फोनवर म्हणला होता. आई, मी आता इथंच राहतो, मला इथं गमतंय. मी म्हणले, राहा. आता तो गप पडलाय म्हणून शब्द फिरवू का?”

हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. मी गडू लाल कापडात गुंडाळून परत बॅगेत ठेवला.

दत्ताची पेटी येलेनीच्या नवऱ्याच्या पेटीशेजारी ठेवली. लहानशी खोली, लाकडी फळ्या, खिडकीतून समुद्राचा आवाज. आत्याने पेटीवर हात ठेवला आणि लगेच काढला. निघायच्या दिवशी धक्क्यावर येलेनीने तिचे दोन्ही गाल चुंबले. आत्या गोंधळली. मग तिने येलेनीच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. येलेनीला तो आवाज फार आवडला असावा, ती पहिल्यांदाच हसली.

घरी आल्यावर व्हायचं ते झालं. अण्णांनी रिकामा गडू पाहिला आणि आत्याला विचारलं, “कुठाय?”

“तिथंच ठेवला.”

“परक्यांत?”

“परक्यांनीच पुरला, भाऊ. तू होतास का तिथं?”

अण्णांनी तिच्याशी बोलणं सोडलं. त्या वर्षी भाऊबीजेला ते तिच्याकडे गेले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. आत्याने ताट केलं होतं, असं शेजारणीने मला सांगितलं. सांजेपर्यंत वाट पाहून तिने त्यातली करंजी शेळीला घातली. मी अण्णांना ते सांगितलं. त्यांनी पेपर वाचायचं थांबवलं नाही. ती आमच्या घरी आली की ते आतल्या खोलीत जायचे. ती फरशीवर सोफ्याला टेकून बसायची, चहा प्यायची, निघताना आतल्या दाराकडे पाहून म्हणायची, “जाते रं भाऊ.” आतून आवाज यायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. सकाळी शेळ्या ओरडत राहिल्या म्हणून शेजारीण बघायला गेली, तर ती भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर पाल्याची पेंढी. मी अण्णांना फोन केला. ते माझ्याआधी पोचले होते. अग्नी त्यांनीच दिला. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. लोक येत होते, जात होते, मी खुर्च्या मांडत होतो. शेळ्या कोणाला द्यायच्या यावर मी एका माणसाशी नीट बोललोदेखील.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला आम्ही दोघंच गेलो. अण्णांना वाकणं जमत नाही, तरी ते उकिडवे बसले. राखेतून अस्थी वेचून मी कापडात ठेवत होतो. मग त्यांनी माझा हात धरला.

“सगळी पैठणला नको,” ते म्हणाले. “थोडी बाजूला ठेव.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते राखेकडेच पाहत होते.

“तुला रस्ता ठाऊक आहे ना तिथला?”

“आहे,” मी म्हणालो.

परवा त्यांचा पासपोर्ट आला. सत्तरी ओलांडल्यावर काढलेला पहिला पासपोर्ट. फोटोत ते कोणावर तरी रागावल्यासारखे दिसतात. काल जेवताना त्यांनी विचारलं, तिथं थंडी कितपत असते, आणि त्या गोट्यांवर म्हाताऱ्या माणसाला चालता येतं का. मी म्हटलं, जपून चालावं लागतं. मी धरीन तुम्हाला.