परवानगी मी दिली होती

शालिनी मॅडम गेल्याचं मला शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर कळलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मध्येच एकानं लिहिलं होतं, ‘बाई गुणी होत्या, पण न विचारता गाण्यांचा तो उद्योग केला नसता तर...’ मी फोन उलटा ठेवला. त्याला पाच आठवडे झाले. ते वाक्य खोटं आहे हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

वलगावच्या पुढच्या एका गावात मी मुख्याध्यापक होतो आणि त्या संगीत शिकवायच्या. एकदा मधल्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या. आपल्या आसपास जे अन्यायाचं वाटतं त्यावर नववीच्या मुलांनी गटागटानं गाणं रचायचं, वर्गात ऐकवायचं, मग सगळ्यांनी त्यावर बोलायचं, असा प्रकल्प त्यांच्या मनात होता. मी डबा खात होतो. म्हणालो, "करा ना मॅडम. गाणंच तं आहे."

गाणी ऐकवायच्या दिवशी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. पहिलं गाणं जिला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही अशा एका विधवा काकूचं होतं. मला आवडलंही. मग उज्ज्वलाचा गट उभा राहिला. तिच्या घरी भाजीचा मळा होता, आवाज खडा. एकीनं पालथ्या बादलीवर ताल धरला, दुसरीनं फरशीवर खराटा ओढला आणि उज्ज्वला वार अन् नावं गाऊ लागली. सोमवार ते शनिवार, वर्ग झाडणाऱ्यांची. सगळ्या मुलीच. संडास धुणाऱ्या तिघी तर एकाच वस्तीतल्या. ती यादी कार्यालयाबाहेर लागलेली असे, खाली माझी सही.

गाणं संपलं तसा एक मुलगा उठला. "मॅडम, म्या एकदाबी झाडू धरला नाई. मले वाटे, पोरीइले आवडते."

"आवडते काय रे? तुह्या बहिणीले विचार घरी जाऊन!" उज्ज्वला म्हणाली. वर्ग हसला. मॅडमनी कुणाला गप्प केलं नाही. हसू विरलं तेव्हा त्या मुलाची मान खाली गेली होती... माझी मात्र ताठ होती.

चार दिवसांत शाळेची बदनामी झाल्याची तक्रार संस्थेकडे गेली आणि माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. मी लिहिलं, ‘सदर प्रकल्पास माझी परवानगी घेण्यात आली नव्हती.’ मॅडमची बदली हिवरखेडकडच्या शाळेत झाली. तिथं त्यांना ग्रंथालय दिलं, संगीताचा तास नाही. जाताना त्या कार्यालयात आल्या. "सर, तुमी तं शेवटच्या बाकावर बसले होते," एवढंच म्हणाल्या.

निवृत्तीनंतर त्या अकोल्याला जुन्या शहरात बहिणीकडे राहायच्या. एकदा मी मोर्णा नदीच्या पुलापर्यंत गेलो आणि परतलो. पुढच्या वेळी जाऊ, असं स्वतःला सांगत राहिलो.

परवा गेलो. मॅडमच्या बहिणीला सगळं सांगितलं. "मले सांगून काय फायदा, भाऊ?" ती म्हणाली आणि आत गेली. तेवढ्यात गल्लीतल्या चार-पाच मुली आल्या. मॅडम रोज संध्याकाळी त्यांच्याकडून गाणी बसवून घ्यायच्या. मॅडम नसल्या तरी मुली येतात, सतरंजी अंथरतात.

"आजोबा, तुमी कोण?" एकीनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं.

"मंग तवा काहून नाई बोलले?"

"भेलो होतो."

तिनं कोनाड्यातली एक वही काढली. गाण्यानंतर जो जे बोलेल ते मॅडम त्यात लिहून ठेवायच्या. पानांमागून पानं त्यांचं तिरपं अक्षर, मग एका पानापासून या मुलीचं गोल. ती मोठ्यानं म्हणत लिहू लागली, "परवानगी... त्यायनंच... देल्ली होती." भेल्याचंही लिहिलं. मग पेन तसाच धरून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"नाव काय लिहू?"

मी पूर्ण नाव सांगितलं.