अर्धा वाटा

नलिनी गेल्याचा फोन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आला, तेव्हा माझ्या हातांना बोंबलांचा वास होता. तिच्या भावाने दोनच वाक्यं सांगितली. रिसीव्हर ठेवल्यावर मला इतकंच सुचलं, की घरी ताटलीत तिच्या वाटणीचे सहा बोंबील मीठ लावून झाकलेले आहेत... इस्पितळातून ती त्या संध्याकाळी परतणार होती.

चारकोपला आम्ही शेजारी राहत होतो. सेक्टरातली घरं तेव्हा नवी होती, झाडं गुडघ्याएवढी, आणि दुपारच्या वाऱ्याला खाडीच्या चिखलाचा खारट, जडसर गंध असे. एकाच कनिष्ठ महाविद्यालयात मी कविता शिकवत असे, ती अर्थशास्त्र. दोघींच्याही घरात दुसरं कुणी नव्हतं. दर बुधवारी द्वारका कोळीण मनोरीहून तरीने मार्व्याला उतरून, डोक्यावर पाटी घेऊन दारी येई. तिचा व्यवहार वाट्याचा. एका वाट्यात बारा बोंबील, आणि वाटा ती कधीच मोडत नसे. एकटीला बारा संपत नाहीत, म्हणून आम्ही एक वाटा घेऊन सहा-सहा करायचो. नलिनीचे सहा तिच्या तव्यावर, माझ्या सहांचं माझ्याकडे कालवण, आणि मग जेवण एकत्र. नलिनी बुलढाण्याची, समुद्राच्या मासळीची चव तिला माझ्या कोकमांमुळे लागली.

एका वर्षी बारावीच्या मुलींना मागणीचा वक्र काही केल्या उमगेना, तेव्हा तिने मलाच गिऱ्हाईक केलं. माझ्या फडताळाच्या दाराला आतून आलेखाचा कागद डकवला. उभ्या रेघेवर वाट्याचा भाव, आडव्या रेघेवर आठवड्याला घेतलेले वाटे. स्वस्ताईत दोन, एरवी एक. फार महागले तर एकही नाही. त्या बुधवारी बांगडा. "बांगडा ही पर्यायी वस्तू," ती म्हणायची, "आणि तुझी कोकमं पूरक. बोंबील महागले की तुझी बरणी खाली जात नाही, बघ." ठिपक्यांतून तिने उतरती रेषा काढली. मी म्हटलं, "माझ्या कवितांचीही काढ ना."

"त्या फुकट असूनही कुणी मागत नाही. तू नियमच मोडलास गं."

खूप हसलो. मग पेन्सिलीचं टोक रेषेवर टेकवून ती म्हणाली, "भाव बदलला, की आपण याच रेषेवरून वर-खाली सरकतो. पण भाव तोच असून मागणी बदलली, तर अख्खी रेषाच जागा सोडते."

"कशाने?"

"आवड पालटली, मिळकत घटली... किंवा सोबतची वस्तूच मिळेनाशी झाली."

ती गेल्यावर चार बुधवार मी दार उघडलं नाही. द्वारकेची हाक जिन्यात यायची, थांबायची, उतरून जायची. बरणीतली कोकमं होती तिथेच होती. त्यांचा आंबूस वासही मला नकोसा झाला होता. दुपारी चहा आणि पाव, संध्याकाळी पुन्हा तेच. पाचव्या बुधवारी मात्र द्वारका दाराबाहेर पाटी उतरवून बसूनच राहिली.

"उघड गं बाय. अर्धा वाटा घे."

मी दार किलकिलं केलं. "तू वाटा मोडत नाहीस."

"नाय मोडत. पण टीचर सांगून गेली. दवाखान्यात जायच्या आधी भेटलेली. मी नाय आली तर हिला अर्धा दे, म्हणाली, नायतर ही काय खायची नाय." सहा बोंबील मोजून तिने माझ्या ताटलीत ठेवले. "उरलेल्या अर्ध्याचं मी बघते. तू कालवण कर."

म्हणजे नलिनीला ठाऊक होतं... आणि मला ती म्हणाली होती, संध्याकाळी येते.

त्या दिवशी मी कालवण केलं. कोकम हाताला मऊ, गार लागलं. जेवल्यावर फडताळ उघडलं आणि ठिपका दिला: भाव तोच, वाटा अर्धा. तो तिच्या रेषेवर बसला नाही. डावीकडे, मोकळ्या चौकटींत एकटाच पडला. एका ठिपक्यातून रेषा निघत नाही, निदान दोन हवेत, असं ती वर्गाला बजावत असे. दुसरा ठिपका भाव बदलेल तेव्हाच मिळणार. तोवर दर बुधवारी दार उघडावं लागेल.

पेन्सिल मी फडताळातच ठेवली आहे. आज मंगळवार.