अक्कांनी दुकानाचं तोंड फिरवलं

श्रेयांस दुपारी दुकानात आला तेव्हाच प्रमिलाबाईंना काहीतरी खटकलं. महाजन वाइन्सची जागा त्याच्या घराण्याची. पण घर जैनांचं. इतक्या वर्षांत त्यांच्यातलं कुणी दारूच्या दुकानाची पायरी चढलं नव्हतं. काही काम असलं की समोरच्या त्यांच्या कापड दुकानातून निरोप यायचा. आज तो स्वतः आला, काउंटरपासून हातभर लांब उभा राहिला आणि एकदाचं बोलून मोकळा झाला.

“अक्का, इमारत पाडायची आहे. विधीला इथं दवाखाना काढायचाय. दिवाळीपर्यंत जागा मोकळी झाली तर बरं होईल.”

विधी म्हणजे त्याची बायको, दातांची डॉक्टर. प्रमिलाबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

“सोहनलालशेठना विचारलंस?”

“दादाजींनीच पाठवलं. म्हणाले, नोटीस धाडू नको, तोंडाने सांग.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “दिवाळीपर्यंत.”

एरंडोलमध्ये महाजन वाइन्स या नावाने ते दुकान कुणी ओळखत नसे. सगळ्यांच्या तोंडी ‘अक्कांचं दुकान’. नवरा, योगराज, एकोणीस वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेला तेव्हा भाऊबंदांनी सांगितलं होतं, परवाना नावावर ठेव, गल्ल्यावर दुसऱ्याला बसव. बाईमाणसाचं हे काम नाही. तेराव्यानंतरच्या सोमवारी प्रमिलाबाई डोक्यावर पदर घेऊन स्वतः काउंटरमागे बसल्या. पहिले काही दिवस गिऱ्हाईक त्यांना बघून मागे फिरायचं. मग सवय झाली. पुढे तर लोक लांबून त्यांच्याकडेच यायला लागले, कारण तिथे माल चोख मिळायचा आणि इज्जत राहायची. आधीच पिऊन आलेल्याला त्या बाटली देत नसत. “आज झाली तुझी. घरी जा,” एवढंच म्हणत, आणि माणूस मुकाट्याने जाई. दुकानासमोर उभं राहून झाकण उघडायची कुणाची टाप नव्हती. ऊस तोडून आलेला माणूस असो की कॉलेजातला प्राध्यापक, रांग एकच.

बातमी फुटली तसा गावाला घोर लागला. दुकानात सुरुवातीपासून असलेला वनाभाऊ खोके लावता लावता थांबला. “आक्का, आते आपण कथा जासूत? बठ्ठा गाव माले इचारी राह्यना.”

“सांगा त्यांना, नवी जागा शोधतोय म्हणून.”

हितेंद्र वकील रोजचं गिऱ्हाईक. तो तर चिडलाच. “अक्का, तुम्ही जुन्या भाडेकरू. कशावरही सही करू नका. कोर्टात गेलात तर दहा वर्षं तुम्हाला कुणी हलवू शकत नाही.”

“सगळ्या बाजारात दारूला जागा द्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा शेठनी दिली. घरात किती बोलणी खाल्ली असतील त्यांनी. तेव्हाच म्हणाले होते, घरच्या कामाला लागली तर मागेन. आमचे हे हो म्हणाले. मी शेजारीच उभी होते.”

“म्हणजे दुकान बंद?”

“जागा सोडतेय वकीलसाहेब. दुकान नाही.”

नवा माल मागवणं त्यांनी थांबवलं. फळ्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या. दिवाळीच्या आधी आठ दिवस त्यांनी दुकान झाडून काढलं आणि किल्ली स्वतः नेऊन सोहनलालशेठच्या हातात दिली. म्हातारा उठून दारापर्यंत सोडायला आला.

मग सुरू झाली पायपीट. वाइन शॉप म्हटलं की घरमालक हात जोडायचे. एकाची जागा शाळेच्या जवळ निघाली, दुसऱ्याची देवळाच्या. अकरा जागा पाहून झाल्यावर धरणगाव रस्त्याला, कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या कुंपणाला लागून दोन गाळे मिळाले. जळगावच्या उत्पादन शुल्क कार्यालयात स्थलांतराचा अर्ज गेला. महिन्याभरात हरकत आली. मागच्या वस्तीतल्या बासष्ट बायकांच्या सह्या, सगळ्यात वर कुणा लताबाईची.

“मी बोलतो त्यांच्या माणसांशी,” हितेंद्र म्हणाला. “दोघं-तिघं ओळखीचे आहेत.”

“सह्या बायकांच्या आहेत,” प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्याच लताबाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

लताबाई शिवणयंत्रावर होती. तिने बसा म्हटलं नाही. “बाईमाणूस असून हे विकता तुम्ही. माझा नवरा याच्यातच गेला. तुमच्या दुकानातली नव्हती, पण दारूच होती ना.”

प्रमिलाबाईंच्या ओठांवर उत्तरं होती. परवाना सरकारी आहे, मी नाही तर दुसरा विकेल, मी पिलेल्याला देत नाही. सगळी खरी. पण त्या दारात उभं राहून त्यातलं एकही त्यांना काढवेना. नवरा गेल्यावर आपल्याला परवाना मिळाला आणि हिला शिवणयंत्र, हे त्यांना दिसत होतं.

“तुमचं दुःख मी काय वाटून घेणार,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण दुकान मी काढणार आहे. इथे नाही तर आणखी कुठे. इथे काढलं तर तुम्हाला कशाचा जाच होईल, ते सांगा.”

लताबाईने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. मग बाहेर येऊन तिने गाळ्यांकडे बोट दाखवलं. गाळ्यांची शटरं वस्तीच्या बोळाकडे उघडत होती. याच बोळातून मुली शिकवणीला जायच्या.

प्रमिलाबाईंनी अर्ज मागे घेतला. मालकाला राजी करून बोळाकडची शटरं विटांनी बुजवली, रस्त्याकडची भिंत फोडून तिथे दार काढलं. नवा नकाशा, नवा अर्ज, पुन्हा तपासणी. वनाभाऊ रोज येऊन गवंड्याशेजारी बसायचा. यात उन्हाळा गेला. सुनावणीला लताबाई आली. साहेबांना म्हणाली, “मला दारू नकोच आहे, तसं लिहून घ्या. पण या दाराला माझी हरकत नाही.”

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात दुकान उघडलं. पहिल्याच दिवशी रांग रस्त्याच्या कडेपर्यंत गेली. जुनी गिऱ्हाइकं चार चौक ओलांडून आली होती. श्रेयांसने नारळ पाठवला.

तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळच्या ऐन गर्दीत लताबाई रांगेला वळसा घालून थेट काउंटरशी आली.

“बोळाच्या तोंडाशी दोघं बाटली उघडून बसलेत,” ती म्हणाली. “तुमच्याच दुकानातली आहे.”

प्रमिलाबाईंनी गल्ल्याला कुलूप लावलं.

“वनाभाऊ, कुणाला काही देऊ नका. मी येईपर्यंत दुकान बंद,” त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून लताबाईच्या बरोबर बोळाकडे निघाल्या.