बीएस्सीची गेलेली जागा आणि डेअरीचा कर्णा

त्या दिवशी सकाळी ठाण्यात कोण कोण हुतं ते आधी सांगतो, म्हंजे पुढं गोंधळ व्हायचा न्हाय. नाव एकाचंबी घेणार न्हाय. साहेब हुतं, नवीन, पुण्याकडनं बदलून आल्यालं. ठाण्याची लिखापढी करणारा रायटर हुता. जीपचा ड्रायव्हर हुता. मी हुतो, महिला हवालदार, रिटायर व्हायला चार म्हयनं राह्यल्याली. आणि बाहेरनं आल्याली चौघं. एक बाप, त्याची बारावी झाल्याली पोरगी, त्या पोरीची मैत्रीण, आणि बापानं गचांडी धरून ओढत आणल्याला नेटकॅफेवाला. आठ माणसं. आठांची तोंडं अजून डोळ्यापुढं हायत.

मी शिकल्याली सातवी. माझं मालक पोलिसात हुतं, ते ड्यूटीवर असतानाच गेलं. दोन लेकरं पदरात. त्यांच्या जागी मला घेतलं, त्या काळी सातवीवर चालायचं. खाकी पँट घातली म्हणून भावकीनं वर्षभर तोंड फिरवलं. मग त्यांच्या पोरांची भांडणं मिटवाय माझीच गरज लागली, तवा परत बोलाय लागली. तसल्या गोष्टी सांगत बसलं तर केस बाजूला राहील.

साहेब माझ्या बोलण्याला हसायचं. "बाई, 'येतो' काय, 'येते' म्हणा." मी म्हणायचो, "साहेब, आमच्यात बायका असंच बोलत्यात. निम्मा जिल्हा बदलाय लागंल."

तर, बाप ठाण्यात शिरला तोच वरडत. "साहेब, ह्या भाड्यानं माझ्या पोरीची जागा खाल्ली!"

रायटरनं पेन उचललं. "कसली जागा? प्लॉट का शेत?"

"कॉलेजची ओ! बीएस्सीची!"

हळूहळू सगळं कळलं. पोरीनं ऑनलाईन फॉर्म भरला हुता. कोल्हापुरातल्या मोठ्या कॉलेजच्या पहिल्या यादीत नाव लागलं, जागा पक्की झाली. त्या घरात कॉलेजची पायरी चढणारी ही पहिली पोरगी. बापानं गावात पेढं वाटलं. आणि त्या दिवशी सकाळी कागदाची प्रिंट काढाय तिघं कॅफेत गेली, तर पडद्यावर लिवल्यालं, 'विद्यार्थ्याच्या विनंतीवरून प्रवेश रद्द.' आदल्या दिवशी सकाळी कुणीतरी पोरीच्या नावानं आत शिरून जागा सोडून दिल्याली.

साहेबांनी कॉलेजला फोन लावला. तिकडनं क्लार्क म्हणला, "हे दुसऱ्या कुणी केलं असा पोलिसांचा कागद आणा. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत. पाच वाजले की जागा दुसऱ्या यादीला गेली, मग मी काही करू शकत नाही."

पोरगी रडत नव्हती. नुस्ती घड्याळाकडं बघत हुती. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

साहेब म्हणलं, "बाई, गुन्हा नंतर दाखल करू. आधी तक्रार अर्ज घ्या आणि माणूस शोधा."

नेटकॅफेवाल्याला मी मागल्या खोलीत घेतलं. बापाच्या दोन थपडा त्याला आधीच बसल्या हुत्या, त्यामुळं आवाज चढवायची गरज नव्हती. मी सगळ्यांस्नी चहा मागवला. इतक्या वर्षांत मी एक बघितलंय, ज्याच्या पोटात काय हाय त्याच्या घशाखाली चहा उतरत न्हाय. ह्यानं एका दमात संपवला आणि म्हणला, "मावशी, अजून अर्धा मिळंल काय?"

"जागा का रद्द केलीस?"

"आईच्यान न्हाय, मावशी! पासवर्ड माझ्याकडं असतोय, पण नुस्त्या पासवर्डावर रद्द व्हत न्हाय. मोबाईलवर ओटीपी येतो, सहा आकडं. धा मिनटात घालाय लागत्यात. तो ओटीपी ह्यांच्या घरच्या फोनवर जातोय, माझ्याकडं कसा येईल?"

बाहेर येऊन मी बापाला इचारलं, "दादा, फॉर्मवर नंबर कुणाचा?"

"माझाच."

"ओटीपी आल्यावर कुणाला सांगितला?"

"छ्या! आम्हाला कळतंय की. ओटीपी कुणाला द्यायचा नसतोय. टीव्हीवर सांगत्यात."

"सांगा नंबर."

त्यानं घडाघडा नंबर सांगितला. मी ठाण्याच्या फोनवरनं लावला. बाप समोर बसल्याला, त्याच्या खिशात काय वाजलं न्हाय. आणि तिकडनं एक माणूस खेकसला, "दूध डेअरी! बोला!"

मी फोन हातात धरून बापाकडं बघितलं. "दादा, ही डेअरी हाय."

"मग? आमच्याच गावची डेअरी. म्हंजे माझाच की नंबर."

रायटर टेबलाखाली वाकला. हसू लपवाय वाकला, पण सांगितलं पेन पडलं म्हणून.

त्यांचं गाव कोडोलीच्या अलीकडं, रस्त्याला लागून. संध्याकाळी दूध घालायच्या वेळंला मी आणि ड्रायव्हर जीप घेऊन गेलो. बाप, पोरगी आणि मैत्रीण, तिघं आमच्याच जीपमधी. डेअरीम्होरं किटल्यांची रांग लागल्याली, आत सेक्रेटरी दुधाची फॅट लावत बसल्याला. त्याच्या म्होरं टेबलावर माईक. वर पत्र्यावर चारी दिशंला चार कर्णं. मी काय इचारणार, तेवढ्यात त्याच्या मोबाईलला टुण्ण झालं. त्यानं चष्मा वर केला, माईकचं बटण दाबलं आणि सुरू झाला.

"ऐका हो ऐका! खालच्या आळीतल्या आप्पांचा ग्यासचा ओटीपी आल्याला हाय. तीन, सात, शून्य, दोन. परत सांगतो. तीन, सात, शून्य, दोन. ग्यासवाला दारात थांबलाय, आप्पांनी घाई करावी."

ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला.

मी म्हणलं, "सेक्रेटरी, ही काय भानगड?"

"भानगड न्हाय मॅडम, सेवा हाय. निम्म्या गावाचा नंबर माझा हाय. शिवारात कुणाला रेंज हाय, कुणाला न्हाय. मी काय घरोघर पळत जाऊ? फॅट कोण लावंल?"

"ह्या पोरीचा आलता?"

"आलता की! काल सकाळी, सातच्या सुमाराला. सहा आकडं. दोनदा सांगितला. आमच्याकडनं कुणाची गैरसोय व्हत न्हाय."

मी बापाकडं वळलो. "तुम्ही ऐकला न्हाय?"

"ऐकला की. धारंला बसलोतो." बापाचा आवाज बारीक झाला. "वाटलं, पोरीच्या कॉलेजकडनं कायतरी चांगलंच आलं आसंल."

ड्रायव्हर माझ्या कानाशी आला. "बाई, आता काय करायचं? सगळं गावच आरोपी."

सगळं गाव न्हाय. ओटीपी सगळ्यांनी ऐकला, पण त्याच्या आधी पासवर्ड घालून आत शिराय पायजे. जो कोण हुता तो घरी बसून आत शिरला, रद्दचं बटण दाबलं, आणि डेअरीचा कर्णा कवा बोलतोय त्याची वाट बघत बसला. म्हंजे पासवर्डबी ठावा आणि गावची रीतबी ठावी. कॅफेवाला कोडोलीचा, त्याला कर्ण्याचं काय म्हाईत नव्हतं.

मी पोरीला इचारलं, "पासवर्ड कुठं लिवलाय?"

तिनं वहीचं मागलं पान दाखवलं. वळणदार अक्षर. "तुझं?"

"न्हाय, हिचं. हिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं हाय." आणि मैत्रिणीला दाखवाय तिनं मागं बघितलं. मैत्रीण नव्हती. ती जीपमधनं उतरून कवाच घरी गेल्याली.

तवा मला सकाळचं ठाणं आठवलं. सगळी त्या न दिसणाऱ्या चोराला शिव्या देत हुती. बाप देत हुता, पोरगी देत हुती, कॅफेवाला तर कुळ काढत हुता. आमच्या रायटरनंबी दोन दिल्या. एकटी मैत्रीण गप हुती. तिच्या चहावर साय धरल्याली.

घर जवळच हुतं. एकटीच गेलो, ड्रायव्हरला सांगितलं हितंच थांब. गोठ्यात ती म्हशीला वैरण टाकत हुती. मला बघून थांबली न्हाय. मीबी दुसरा भारा सोडला आणि टाकाय लागलो. एका म्हशीची वैरण झाली, दुसरीची झाली. पोलिसाला गप बसता आलं पायजे, निम्मे जबाब तसेच मिळत्यात.

"मावशी, मला आत टाकणार?"

"आधी सांग तर."

"मी बारावीला तिच्यापरीस चार टक्के जास्त पाडलं," ती म्हणाली. "फॉर्म भराय गेली तवा मला संगं नेलं, अक्षर चांगलं म्हणून. मी माझं कागद पिशवीत घालून नेलतं. दाखला, गुणपत्रिका, सगळं. बाकड्यावर मांडीवर पिशवी घेऊन बसलोतो. वाटलं आता कोणतरी म्हणंल, हिचाबी भर. तिचा झाला, कॅफेवाल्यानं मिशीन बंद केलं, काका म्हणलं चला. कुणी इचारलंच न्हाय."

"तू का मागितलं न्हाईस?"

"लाज वाटली. घरात बा म्हणला हुता, बघू. आमच्यात बघू म्हंजे न्हाय. तिला मी सांगितलं, माझाबी भरलाय म्हणून. ती रोज म्हणायची, आपण एका खोलीत राहू. मला ऐकवना झालं. काल भावाचा मोबाईल घेतला. बटण दाबलं. वाटलं कर्णा बोलायचा न्हाय. तर बोलला."

मी वैरणीवरचा हात काढला. मालक गेल्यावर मी चौदा दिवस भिंतीला टेकून बसलोतो. त्यांचं जुनं हवालदार आलं आणि दारात उभं राहून म्हणलं, "काय गं, नोकरी करशील काय?" तेवढंच. त्यांनी इचारलं नसतं तर मी अजून त्या भिंतीला टेकल्याली असतो. मागायचं मला सुचलंबी नव्हतं.

तिला म्हणलं, "आत टाकायचं का न्हाय ते साहेब ठरवतील. पण तू आता माझ्यासंगं चल आणि तिच्या तोंडावर सांग."

डेअरीच्या मागं, मोकळ्या किटल्यांच्यात तिनं सांगितलं. पोरीनं खाडकन तिच्या मुस्काटात दिली. मी मधी पडलो न्हाय. मग पोरगी तिच्याकडं बघत राह्यली आणि म्हणाली, "म्हंजे तुझा फॉर्म भरल्यालाच न्हाय? मला खोटं सांगितलंस? इतकं दिवस?" आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून असल्या रडल्या की दूध घालाय आल्याल्या बाया किटल्या खाली ठेवून बघाय लागल्या. सेक्रेटरीनं माईककडं हात नेला, मी डोळं वटारलं तवा काढला.

बाप एका मोकळ्या किटलीवर बसला. "पिशवी हुती व्हय हिच्या मांडीवर," म्हणला. "मी बघितलीती. मला वाटलं डबा आसंल."

दुसऱ्या दिवशी धा वाजता साहेबांम्होरं सगळं मांडलं. बापानं जबाब दिला, कुणाविरुद्ध तक्रार न्हाय. पण कॉलेजला कागद तर पायजे, आणि मैत्रिणीचं नाव लिवलं तर तिचं शिक्षण तिथंच संपलं. साहेब म्हणलं, "खोटं मी लिहिणार नाही, बाई."

"खोटं कशाला साहेब? खरंच लिवा. जेवढं कॉलेजला लागतंय तेवढं."

साहेबांनी रायटरकडनं कागद घेतला, स्वतः लिवला. 'सदर विद्यार्थिनीचा गोपनीय क्रमांक गावातील दूध डेअरीच्या ध्वनिक्षेपकावरून दोन वेळा जाहीर करण्यात आल्याने तो संपूर्ण गावास समजला. प्रवेश रद्द करण्याची विनंती विद्यार्थिनीने स्वतः केलेली नाही. अर्जदाराची कोणाविरुद्ध तक्रार नाही.' सही, शिक्का. स्टेशन डायरीला नोंद.

कोल्हापुरात पोचाय दोन वाजलं, खिडकीवर रांग, आमचा नंबर आला तवा साडेचार. क्लार्क कपाळाला आठ्या घालून वाचाय लागला. 'ध्वनिक्षेपकावरून' पर्यंत आला आणि थांबला. परत वाचलं. मग खुर्चीवर मागं रेलून असा हसला की शेजारच्या खिडकीवरची बाई उठून आली. "ओटीपी? कर्ण्यावर?" "दोनदा," मी म्हणलं. त्यानं डोळं पुसलं, कागद आत त्याच्या सायबाकडं नेला, आणि पाचाला सात कमी असताना पोरीची जागा परत पडद्यावर आली.

मैत्रीण मागं उभी हुती, तीच पिशवी घेऊन. बापच पुढं झाला. खिडकीत डोकं घालून म्हणला, "पावणं, हिचाबी भरायचाय. हिच्या बाला मी रात्री बोललोय. टक्के बघा हिचं, आमच्या पोरीपेक्षा जास्त हायत."

क्लार्क म्हणला, "रिकाम्या जागांचे अर्ज शनिवारपर्यंत आहेत. मोबाईल नंबर सांगा." बाप तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याचा दंड धरला. "डेअरी नको!" माझा दिला.

तिची जागा लागली, दोघी एका खोलीत राह्यल्या. मी रिटायर झालो तरी तीन वर्षं कॉलेजचं मेसेज मला येत हुतं. 'प्रिय विद्यार्थी, आपली हजेरी कमी आहे.' 'प्रिय विद्यार्थी, परीक्षा अर्ज भरावा.' सातवी शिकल्यालीला कोण प्रिय विद्यार्थी म्हणतंय! हजेरीचा मेसेज आला की मी फोन लावायचो, "काय गं, कुठं हिंडतीस?" "न्हाय मावशी, प्रॅक्टिकल हुतं." हुतं का नव्हतं, देव जाणे. पास झाली, चांगली झाली. आता शिकवती.

नोकरीत चोर लई बघितलं. लई जणांना दुसऱ्याचं पायजे असतं. पण काही माणसं अशीबी असत्यात, ज्यांना आपलंच पायजे असतं आणि मागायला जीभ उचलत न्हाय. तसल्या माणसाकडनं कधी कधी चुकीचं बटण दाबलं जातंय. कायद्यानं ते चूकच. पण शिक्षा एकट्या तिनंच का भोगायची, ते मला अजून कळल्यालं न्हाय.

हे वाचणाऱ्याला माझी एवढीच विनंती हाय. ह्या वर्षी तुमच्या पोराचा, पोरीचा कॉलेजचा फॉर्म भराय जाशीला, तवा शेजारच्या बारावी झाल्याल्या पोरीच्या दारात मिनिटभर थांबा, आणि तिला इचारा, "तुझा भरला काय गं?"