हुंकार माझा, पोथी तिची

“तिला बोलव. पोथी घेऊन ये म्हणावं.”

एवढं बोलून माझ्या नवऱ्याने डोळे मिटले. सकाळी डॉक्टर सांगून गेले होते की छातीतलं पाणी काढलंय, पण ताप उतरत नाही, जवळच्या माणसांना कळवून ठेवा. म्हणून मी विचारलं होतं, कोणाला बोलवू? त्यांचा भाऊ धरमतरच्या बंदरावर कामाला होता. आत्या वरशाला होती, हाकेच्या अंतरावर. त्यांनी दोघांचीही आठवण काढली नाही. म्हणाले, तिला. ती म्हणजे माझी धाकटी बहीण. कोणती ती, हे मला विचारावं लागलं नाही, याचंच मला जास्त लागलं.

मी त्यांच्या कपाळावरचा फडका उचलला, पिळला, परत ठेवला. जरा जोरातच ठेवला असेल.

माझा नवरा देव मानत नव्हता. रोह्याच्या भातगिरणीत इंजिनावर होता, आणि अष्टमीत आम्ही राहायचो तिथे सगळ्यांना ते ठाऊक होतं. मरायला टेकल्यावर त्यांना देव आठवला असता तर मला वाईट वाटलं नसतं. माणूस घाबरतो. पण त्यांना देव नको होता. त्यांना वाद घालायला माणूस हवं होतं, आणि ते माणूस मी नव्हते.

आमचं माहेर पेणच्या आतल्या बाजूच्या गावात. भात आणि वाल पिकवणारी माणसं. गावात सगळे मासळी खाणारे, आमचंच घर माळेचं. बाबांच्या गळ्यात तुळशीची माळ, आईच्या गळ्यात, आम्हा दोघींच्याही. कांदा-लसूण घरात नाही. शेजारी सुकट भाजली की बाबा खिडकी लावून घ्यायचे. मी मात्र खिडकीच्या फटीला नाक लावायची. दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, जत्रेला जायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. चुकलं की उपास.

दिवेलागणीला पोथी. आमच्याकडे पोथी एकट्याने वाचायची पद्धत नव्हती. वाचणाऱ्याने एक ओवी वाचायची, समोर बसलेल्याने “हं” म्हणायचं. त्याला हुंकार देणं म्हणतात. हुंकार आला नाही तर वाचणारा पुढे जात नाही. बाबा म्हणायचे, हुंकार नसेल तर ते वाचन भिंतीला ऐकवल्यासारखं. आम्ही दोघी बहिणी चौथीपर्यंत शिकलो, एकाच शाळेत, एकाच पाटीवर. पण बाबांनी पोथी तिच्या हातात दिली. तिचा आवाज चांगला. माझा गळा फाटका, म्हणून मला समोर बसवलं. वाचायची ती, हं म्हणायची मी. गावातल्या बायका ऐकायला यायच्या आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवायच्या. माझ्याकडे बघून म्हणायच्या, “ही पण बसते हां शेवटपर्यंत.”

तेव्हापासून मी तिच्यावर जळते. हे मी तिच्या तोंडावरही बोललेय.

लग्न माळेच्याच घरात झालं. सासराही तसाच कडक. पण सासरा गेला आणि सुतक फिटल्यावर नवऱ्याने माळ काढून अष्टमीच्या पुलावरून कुंडलिकेत टाकली. घरी येऊन म्हणाले, “मी काढली. तुझं तू बघ.” दुसऱ्या दिवशी मी काढली. त्यांनी बघितलं, हं पण म्हणाले नाहीत. का काढलीस, असं एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. माझ्याजवळ कारणं होती. त्यांना वाटलं, बायको नवऱ्यामागे आली. मी बाजारातून सुकट आणली, कांदा घालून केली, ते जेवले. झालं.

माहेरी मला दार बंद झालं. बाबांनी निरोप पाठवला की मोठी मेली. पुढे धाकटी लवकर विधवा झाली आणि माहेरीच राहिली. बाबांची शेती, बाबांची पोथी, सगळं तिच्याकडे आलं. बाबा गेल्यावर ती वर्षातून एक-दोनदा आमच्याकडे यायला लागली, वालाची पिशवी घेऊन. घरात मासळी शिजते म्हणून आमच्या पाण्याला तोंड लावायची नाही. पेणहून यष्टीत मांडीवर पाण्याचा तांब्या धरून यायची, वर फडकं बांधलेलं. बसायला स्वतःची सतरंजी.

पहिल्याच दिवशी नवऱ्याने तिची खोड काढली. “तुमच्या भोगावतीचं पाणी सोवळं, आणि आमच्या कुंडलिकेचं बाटलेलं व्हय? दोन्ही नद्या जातात खाडीलाच.”

ती म्हणाली, “जातात ना, भावोजी. पण खाडीचं पाणी तुम्ही तरी पिता काय?”

नवरा हसला. मी चुलीपुढे होते, मागे वळून बघितलं. हा चेहरा मला नवीन होता.

मग ती आली की हेच. ते म्हणायचे, “देव सगळीकडं हाय म्हणता, मग आमच्या सुकटीच्या डब्यात का नाय?”

“हाय की. म्हणून तर मी त्याला खात नाय.”

ते गिरणीतून लवकर यायचे ती येणार असली की. कर्म म्हणजे काय, नशीब कुणी लिहिलं, गरिबाला गरीब कुणी केलं. तिला एखादी ओवी म्हणायला लावायचे आणि म्हणायचे, आता हिचा अर्थ सांगा. ती सांगायची, ते खोडायचे, ती परत मांडायची. मी वाल सोलत बसायची. मधे बोलले तर नवरा म्हणायचा, “थांब गो, तिचं पुरं होऊ दे.” तिला ‘तुम्ही’, मला ‘थांब गो’.

तर आता तिला निरोप गेला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या यष्टीने ती आली. तांब्या, सतरंजी, लाल कापडात बांधलेली पोथी. नवऱ्याला बघून रडली नाही. पायाशी बसली आणि म्हणाली, “काय भावोजी, हरलात?”

“हरायला कोण बसलंय? वाचा. मी खोडतो.”

आवाज क्षीण होता, पण ताप आल्यापासून एवढ्या हौसेने ते माझ्याशी बोलले नव्हते.

तिने पोथी उघडली, एक ओवी वाचली. गळा अजून तसाच होता. वाचून थांबली. नवरा म्हणाला, “पुढं.”

“हुंकार?”

“मी नाय देणार. मला पटत नाय तर हं कशाला म्हणू?”

“मग मी पुढं जाणार नाय.”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी दारात होते, हातात औषधाची बाटली. बहीण म्हणाली, “तू बस ना गो समोर. तुला सवय हाय.”

तुला सवय हाय. एवढी वर्षं गेली, घर सुटलं, माळ सुटली, बाप सुटला, आणि शेवटी माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्यासाठी, मला परत तोच पाट. मी म्हटलं, “नाय म्हणणार.”

“अगं, त्यांच्यासाठी.”

“त्यांना हवं तर त्यांनी म्हणावं. मी आधी विचारणार. मला उत्तर दे, मग हं.”

नवऱ्याने डोळे उघडले. मी बाटली खाली ठेवली आणि म्हटलं, “आपण बाहेर बसायचो तेव्हा बाबा माझा हुंकार घ्यायचे नाहीत. मागच्या पडवीत बसून मी ऐकायची. एकदा सवयीने तिथून हं म्हटलं, तर बाबांनी पोथी मिटली, गोमूत्र शिंपडलं आणि मला दोन दिवस जेवण दिलं नाय. आंघोळ करून आत आले की परत त्याच तोंडाने हं म्हण. तुझ्या देवाला माझं तोंड हवं की नको? यासाठी मी माळ काढली. ह्यांनी काढली म्हणून नाय.”

हे मी पहिल्यांदाच बोलले. नवऱ्याला ऐकवायला बोलले.

बहिणीने पोथीवर हात ठेवला. मग म्हणाली, “पोथीत तसं कुठं लिवलेलं नाय गो. मी शोधलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधलं. तो नियम बाबांचा होता.”

नवरा म्हणाला, “मग तुम्ही का पाळत होता?”

“कोण पाळतंय? मी नवऱ्याघरनं परत आले तेव्हापासून त्या दिवसांतही पोथी वाचत होते. बाबा समोर बसून हं म्हणायचे.”

“त्यांना कळलं नाय?”

“मी बाहेर बसलेच नाय, तर कळणार कसं?”

नवऱ्याला हसू आलं. एवढं आलं की खोकला लागला, मला त्यांना उठवून धरावं लागलं. खोकता खोकता ते तिच्याकडे बघून मान हलवत होते, की वा. प्रश्न माझा होता. घर मी सोडलं होतं, उपास मी काढले होते. ही घरात राहिली, पोथी हातात धरून राहिली, आणि बाबांना त्यांच्याच पाटावर बसवून फसवलं. ज्यासाठी मला सगळं टाकावं लागलं ते हिने काही न टाकता मिळवलं. आणि वाहवाही तिलाच.

तिने परत ओवी वाचली आणि माझ्याकडे बघत थांबली. उत्तर दिलं होतं तिने, माझा शब्द होता. मी म्हटलं, “हं.” शेवटची यष्टी चुकली असती तर ती मुक्कामाला राहिली असती, तेही मला नको होतं.

ती रोज यायला लागली. ती वाचायची, मी हं म्हणायची, नवरा खोडायचा. आमच्या पंथात माणूस शेवटच्या घटका मोजत असला की उशाशी पोथी वाचतात. गल्लीत आवाज गेला. शेजारच्या दोघी तुळशीपत्र आणि वाटीत पाणी घेऊन आल्या, डोळे पुसत. नवरा उशीला टेकून बसला होता. म्हणाला, “ठेवा तिथं. पान चटणीत घालू, पाणी मेहुणीला द्या, ती आमचं पीत नाय.” हसावं की रडावं ते न कळून त्या दोघी उभ्या राहिल्या.

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. नवरा म्हणाला, वाद लागू पडला. रोज दोन्ही वेळा पेज करून भरवत होते ती मी, त्या पेजेचं नाव कोणी काढलं नाही.

ते गिरणीत जायला लागल्यावर ती यायची थांबली. तेव्हा रोह्याला आगगाडी आली नव्हती, येणं-जाणं सोपं नव्हतं. दुपारच्या यष्टीच्या वेळेला नवरा रजेच्या दिवशी ओट्यावर जाऊन बसायचा. मी विचारलं, कोणाची वाट बघता? म्हणाले, कुणाची नाय, वारा लागतो. वारा मागच्या दारालाही लागत होता.

दोन-तीन पावसाळ्यांनी तिला कावीळ झाली. कळेपर्यंत उशीर झाला होता. आम्ही दोघं गेलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. नवरा माळ टाकल्यापासून त्या घरी पहिल्यांदाच आला, आणि उंबऱ्याच्या आत गेला नाही. मी रडले. बहीण होती माझी. पण त्यांना रडताना बघितलं आणि माझं थांबलं.

शेती बघणाऱ्या चुलतभावाने पोथी माझ्या हातात दिली. “तिनं सांगितलंय, मोठीला दे.” मी ती आणून फळीवर ठेवली, डाळीच्या डब्यामागे. बरेच महिने तिला कोणी हात लावला नाही. एका संध्याकाळी नवरा म्हणाला, “वाच ना.”

“मी कशाला? माझा गळा फाटका.”

“वाच.”

मी हात धुतले नाहीत. सुकट निवडत होते, तशाच हाताने लाल कापड सोडलं. चौथीची माणसं आम्ही, अडखळत एक ओवी वाचली. थांबले. हुंकार आला नाही. मी पोथी मिटली, कापडाला गाठ मारली आणि उठले. मी चुलीपाशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, “हं.”

त्यांनी आयुष्यात तिला एकदाही हुंकार दिला नव्हता. मी वळले. “हे कोणाला?”

“वाचलं कोणी?”

“मी.”

“मग?”

मला ते पटलं नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. पण मी बसले आणि पुढची ओवी वाचली. वाचून झाल्यावर म्हटलं, ह्यात चूक आहे. ते म्हणाले, कुठं? मी सांगितलं. ते म्हणाले, नाय, तसं नाय. पहिल्यांदा मला म्हणाले, तसं नाय. भात करपला त्या दिवशी.

पुढे ते होते तोवर आम्ही वाचत राहिलो, जमेल तसं. ती काय म्हणाली असती, हे ते मधेच बोलायचे, आणि मी पान उलटायची.

त्या खोलीत आम्ही तिघं होतो. आधी ती गेली, मग ते. मी आहे.