गरम झालं म्हणजे पकडलं

आम्ही त्याला थांबामिस्त्री म्हणायचो. स्लॅबखालचा साचा बांधायचा, टेकू लावायचे आणि वेळ आली की ते उतरवायचे, हे त्याचं काम. मी सळया बांधायचो. आधी तो, मग मी, मग काँक्रीट. उभं आयुष्य त्याच्या फळ्यांवर काढलं, पण पायाखालची फळी कधी हलली नाही. कुणाबद्दल याहून मोठी गोष्ट मला सांगता येत नाही.

काँक्रीट ओतलं की दुसऱ्या दिवशी ते वरून दगडासारखं दिसतं. ठोकलं तर वाजतं. नवखा मुकादम लगेच म्हणतो, टेकू काढा, वरच्या मजल्याला लागतील. मिस्त्री खाली वाकायचा आणि तळहाताची मागची बाजू स्लॅबला लावायचा. सिमेंट पकडायला लागलं की ऊब येते.

"गरम झालं म्हणजे पकडलं," तो म्हणायचा. "पण ताकद यायचीय. पाणी मारत राहा. थांबा."

मुकादम चिडायचे, शिव्या द्यायचे. हा टेकूला पाठ लावून विडी ओढत बसायचा. कुणाची हिंमत नव्हती त्याच्या अंगावरून टेकू काढायची. नाव पडलं ते त्यावरून.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, मला म्हणायच्या, "भाऊजी, घर पेटलंय म्हणून सांगितलं ना, तरी हे आधी थांबा म्हणतील."

"पेटलंय की नुसता धूर आहे ते बघायला नको?" हा आतून ओरडायचा.

दोन खोल्यांचं घर. मूलबाळ नाही. भिंतीतलं कपाट, फळ्या, पलंग, सगळं साच्याच्या जुन्या लाकडाचं, त्याने स्वतः रंधा मारून केलेलं. एकही सांधा आवाज करायचा नाही.

काम सोडल्यावर वर्षभरात वहिनींना रक्ताचा कर्करोग निघाला. मोठ्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. मिस्त्री हात धरून न्यायचा, मी पिशवी धरायचो. औषध लागू पडलं. केस गेले होते ते परत यायला लागले. वहिनी आरशात बघून म्हणाल्या, "लष्करात भरती होते आता."

थंडीच्या तोंडावर डॉक्टरबाईंनी दोघांना फ्लूची लस घ्यायला सांगितली. दवाखान्यात एक अभ्यासही चालू होता. लसीआधी रक्त घ्यायचं, महिन्याने परत घ्यायचं, आणि कुणाच्या अंगात किती अँटीबॉडी तयार झाल्या ते मोजायचं. दोघांनी होकार दिला, रक्त दिलं आणि लगेच लस टोचून घेतली. बाई चांगल्या होत्या, घाई न करता सांगायच्या.

"लस टोचली की लगेच संरक्षण मिळत नाही," त्या म्हणाल्या. "लस शरीराला फक्त काम सांगते. अँटीबॉडी शरीरालाच बनवाव्या लागतात. त्याला दोन आठवडे जातात. तोवर गर्दी नको, आजारी माणसाजवळ बसणं नको."

"आणि हिचं?" मिस्त्रीने विचारलं.

"अवघड आहे. अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी असतात ना, यांच्या औषधाने त्याच मारल्या जातात."

"म्हणजे ऑर्डर आली, पण साइटवर माणूसच नाही," वहिनी म्हणाल्या.

बाई हसल्या. "तसंच. म्हणून खरा आडोसा तुम्ही, मिस्त्री. तुम्हाला फ्लू झाला नाही, तर यांच्यापर्यंत यायची एक वाट तरी बंद होईल. यांना तो झेपणार नाही."

मिस्त्रीने मान हलवली. त्याला समजावून सांगावं लागावं अशी ही गोष्टच नव्हती. सगळी हयात त्याने दुसरं केलं काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला. भावाने पाण्याच्या टाकीचं काम अंगावर घेतलं होतं. साचा बांधणारा भांडून निघून गेला होता आणि काँक्रीट त्याच दुपारी यायचं होतं. मी तेव्हा मिस्त्रीकडेच बसलो होतो. भावाचा आवाज फोनमधून बाहेर ऐकू येत होता.

"दादा, टेकू मला काही बरोबर वाटत नाहीत. तू नुसता बघून जा. खाली माणसं काम करतायत रे."

मिस्त्री उठला आणि खुंटीवरची हातोडी काढली.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "बाई काय म्हणाल्या काल?"

"तासाभराचं काम आहे."

"तुमचं तासाभराचं काम मला माहीत आहे."

तेव्हा त्याने बाही वर केली. सुई टोचली होती तिथे दंड लाल झाला होता, फुगला होता. त्याने वहिनींचा हात घेतला, उलटा केला आणि दंडावर ठेवला.

"बघ. लागतंय का गरम? पकडलंय."

वहिनींनी हात तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "जा. पण जेवायला या."

मीही हात लावून पाहिला. दंड खरंच गरम होता. आम्ही तिघांनी जन्मभर तेच वाक्य ऐकलं होतं, आणि त्याचा पुढचा अर्धा भाग त्या सकाळी एकालाही आठवला नाही.

तो जेवायला आला नाही. दोन टेकू भुसभुशीत मातीवर उभे होते. त्याने मातीवर जाड फळ्या टाकल्या, टेकू नव्याने बसवले, तिरके आधार ठोकले. साच्याखाली जागा कमी. तिथे तो आणि भावाची माणसं दिवसभर खांद्याला खांदा लावून वाकलेली. त्यातले दोघे तापाने फणफणलेले, खोकत होते. रोज बुडेल म्हणून घरी गेले नव्हते. एकाच बाटलीतून सगळे पाणी प्यायले. दिवेलागणीला काँक्रीट ओतून झालं. टाकी आजही उभी आहे, मी जाऊन पाहिली आहे. काम चोख आहे, हे सांगायलाच हवं.

मिस्त्रीला ताप आला तो साधाच. अंग दुखलं, खोकला झाला, उतरला. ताप दिसताच तो स्वयंपाकाच्या खोलीत झोपायला गेला, तोंडाला फडकं बांधलं. पण त्याआधीच्या रात्री तो वहिनींशेजारी झोपला होता. त्यांना ताप चढला, मग धाप लागली. दवाखान्यात फ्लूचं औषध सुरू केलं, ऑक्सिजन लावला.

मी गेलो तेव्हा बाई जातील तिकडे मिस्त्री त्यांच्या मागे जात होता.

"मला होऊन गेला ना ताप? म्हणजे माझ्यात तयार झालंय. मग माझं रक्त काढा आणि हिला द्या."

"तसं करून पाहिलंय लोकांनी, मिस्त्री. फ्लूमध्ये त्याचा उपयोग झालेला दिसत नाही."

"थोडं काढू नका. हवं तेवढं काढा."

"मिस्त्री, बसा जरा."

तो बसला नाही. खिडकीच्या काचेपलीकडे वहिनी होत्या. त्यांनी मास्कच्या वर नुसते डोळे उघडले, हाताने त्याला बस म्हणून खूण केली. तेव्हा बसला. आठवडा संपायच्या आत त्या गेल्या.

महिना झाल्यावर तो दुसऱ्यांदा रक्त द्यायला एकटा निघाला. मी म्हणालो, "आता कशाला?" म्हणाला, "देतो म्हणालोय." मी बरोबर गेलो.

पुढे बाईंनी त्याला बोलावून सांगितलं. त्याच्या अँटीबॉडी कितीतरी पटीने वाढल्या होत्या. लसीने किती आणि आजाराने किती, ते वेगळं काढता येत नाही. वहिनींचं रक्त भरती असताना घेतलेलं होतं. त्यांच्या होत्या तिथेच होत्या.

"मी थांबलो असतो तर?" त्याने विचारलं.

बाईंनी उत्तर टाळलं नाही. "खात्रीने सांगता येत नाही. फ्लूचा विषाणू दर वर्षी थोडा बदलतो. लस कधी नीट जुळते, कधी नाही. थांबूनही झाला असता कदाचित. वहिनींना तो इथल्या रांगेतही लागला असेल."

"साइटवरूनच आला," तो म्हणाला.

परत येताना मी त्याला सांगून पाहिलं. तू गेला नसतास तर टाकी खाली आली असती. खाली माणसं होती. त्याने ऐकून घेतलं. "हो, होती," एवढंच म्हणाला.

भाऊ भेटायला येतो. मिस्त्री त्याला चहा करून देतो, टाकी गळते का विचारतो. दुसरा विषय निघत नाही.

अँटीबॉडी एकदा झाल्या म्हणजे कायमच्या होत नाहीत, कमी होत जातात, म्हणून लस दर वर्षी घ्यावी लागते. थांबामिस्त्री दर वर्षी घेतो. दवाखाना उघडायच्या आधी दारात उभा असतो. टोचून घरी येतो, आतून कडी लावतो आणि दोन आठवडे बाहेर पडत नाही. कुणाला आत घेत नाही. भाजी आणि दूध मी पोचवतो. पलंगावर अजूनही तो एकाच बाजूला झोपतो.

या वर्षी मला राहवलं नाही. खिडकीतून म्हणालो, "अरे, पण आता आत आहे कोण?"

तो पलंगाच्या कडेला बसला होता. बाही वर केलेली, तळहाताची मागची बाजू दंडावर. माझ्याकडे न बघता म्हणाला,

"थांब."

मी पिशवी दाराशी ठेवली आणि निघालो.